फादर बेनितो विन्येस : वादळांची चाहूल घेणारे धर्मगुरू

कॅरिबियन समुद्रातील बेटांवर जून ते नोव्हेंबर हे सहा महिने चक्रीवादळांचे मानले जातात. आज उपग्रह आकाशातून त्या समुद्रावर अहोरात्र नजर ठेवतात आणि वादळ किनाऱ्यापासून हजारो किलोमीटर दूर असतानाच त्याची बातमी घरोघरी पोहोचते. दीडशे वर्षांपूर्वी यातले काहीच नव्हते. वादळ आल्याचे कळायचे ते वारा छपरे उडवू लागल्यावरच. अशा काळात क्यूबाच्या हवाना शहरातील एक येशूसंघीय धर्मगुरू रोज पहाटे चार वाजता वायुभारमापकाजवळ उभा राहून त्यावरील आकडा वहीत टिपत असे. त्यांचे नाव फादर बेनितो विन्येस. चक्रीवादळ येण्यापूर्वी लोकांना सावध करता येते, हे कॅरिबियन बेटांना पहिल्यांदा दाखवून दिले ते त्यांनी.

मायदेशातून हवानाकडे

बेनितो विन्येस यांचा जन्म १९ सप्टेंबर १८३७ रोजी स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतातील पोबोलेदा या डोंगराळ गावी झाला. तरुणपणीच ते येशूसंघात दाखल झाले. भौतिकशास्त्र आणि गणित हे त्यांच्या आवडीचे विषय होते. १८६८ साली स्पेनमध्ये क्रांती झाली, राणी दुसरी इसाबेल हिला देश सोडावा लागला आणि नव्या सरकारने येशूसंघावर बंदी घातली. इतर अनेक संघबांधवांप्रमाणे विन्येस यांनाही मायभूमीचा निरोप घ्यावा लागला. त्यांनी फ्रान्समध्ये आश्रय घेतला.

१८७० साली वरिष्ठांनी त्यांना हवाना येथे पाठवले. क्यूबा तेव्हा स्पेनच्या ताब्यात होता आणि तेथे येशूसंघाचे कार्य चालू होते. १८५४ साली स्थापन झालेल्या त्यांच्या विद्यालयाचे नाव होते बेलेन. स्पॅनिश भाषेत बेथलेहेमला बेलेन म्हणतात. या विद्यालयात एक लहानशी वेधशाळा होती. तिची जबाबदारी वयाच्या तेहतिसाव्या वर्षी फादर विन्येस यांच्याकडे आली आणि अखेरच्या श्वासापर्यंत त्यांच्याकडेच राहिली.

पहाटे चारची नोंद

हवानाच्या लोकांना वादळे नवीन नव्हती. स्पॅनिश बेटांवर मोठ्या वादळाला त्या दिवशी ज्या संताचा सण असेल त्याचे नाव देण्याची प्रथा होती. ऑक्टोबर १८४६ मध्ये आलेले महावादळ म्हणूनच संत फ्रान्सिस बोर्जा यांच्या नावाने ओळखले जाई. त्या वादळाने हवानाच्या बंदरातील जहाजांचा चुराडा केला होता, शेकडो माणसे दगावली होती. ज्यांनी ते पाहिले होते, अशी माणसे विन्येस आले तेव्हाही शहरात होती.

नव्या संचालकांनी सर्वप्रथम जुन्या नोंदी चाळल्या. आपल्या आधीच्या बंधूंनी लिहून ठेवलेले आकडे त्यांनी पुन्हा तपासले. वादळांच्या दिवसांत वारा कसा फिरला, ढग कुठून आले, पारा किती उतरला याची त्यांनी जुळणी केली. मग स्वतःची शिस्त घालून घेतली. पहाटे चारपासून रात्री दहापर्यंत दर दोन तासांनी, म्हणजे दिवसातून दहा वेळा नोंद व्हायची. हवेचा दाब, तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा व वेग, पाऊस आणि ढगांचे प्रकार, सारे काही वहीत उतरत असे.

एवढ्या काटेकोरपणाला कारण होते. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज ठराविक लयीत वरखाली होतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो चढलेला असतो आणि पहाटे व दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. समुद्राला भरती-ओहोटी यावी तसा हा प्रकार आहे. रोजची लय ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ती बिघडल्याचे चटकन कळते. दूरवर वादळ असले की पाऱ्याची ही चाल आधी किंचित अडखळते. एखादीच नोंद पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येणार नाही. म्हणून निरभ्र आकाशाच्या कंटाळवाण्या दिवशीही फादर विन्येस यांनी नोंद चुकवली नाही.

पहिला इशारा

सप्टेंबर १८७५ मध्ये पूर्वेकडील बेटांवरून वादळाच्या बातम्या आल्या. हवानाचे आकाश अजून शांत होते. आपल्या नोंदी, ढगांची चाल आणि आलेल्या तारा यांचा मेळ घालून फादर विन्येस यांनी ११ सप्टेंबर रोजी चक्रीवादळाचा इशारा तयार केला आणि तो हवानाच्या वृत्तपत्रांत छापून आला. दोन दिवसांनी वादळ क्यूबावर येऊन धडकले. तेथून ते मेक्सिकोच्या आखातात शिरले आणि १६ सप्टेंबरला त्याने अमेरिकेच्या टेक्सास किनाऱ्यावरील इंडियानोला हे बंदर उद्ध्वस्त केले. चक्रीवादळाचा आगाऊ इशारा अशा प्रकारे लोकांसमोर ठेवल्याचे हे इतिहासातील अगदी पहिल्या उदाहरणांपैकी एक मानले जाते.

एका अचूक भाकितावर समाधान मानणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १३ सप्टेंबर १८७६ रोजी, संत फिलीप यांच्या सणाच्या दिवशी, प्वेर्तो रिको बेटाला मोठ्या वादळाने झोडपले. पुढच्या महिन्यात क्यूबालाही तडाखा बसला. फादर विन्येस वेधशाळेतून उठले आणि नुकसान झालेल्या भागांत स्वतः फिरले. उन्मळून पडलेली झाडे कोणत्या दिशेला पडली आहेत, हे त्यांनी पाहिले. वारा आधी कुठून सुटला, मध्ये शांतता किती वेळ होती आणि मग कुठून उलटला, हे त्यांनी लोकांना विचारले. या सर्व निरीक्षणांचे पुस्तक १८७७ साली प्रसिद्ध झाले. समुद्रपर्यटन करणाऱ्या देशांत त्याचा बोलबाला झाला.

ढगांची भाषा

फादर विन्येस यांचे मोठे योगदान म्हणजे ढगांवरून वादळाचे ठिकाण ओळखण्याची त्यांची पद्धत. उत्तर गोलार्धात चक्रीवादळातील वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. क्यूबाजवळच्या समुद्रात जसे, तसेच आपल्या अरबी समुद्रातही. पण वादळाच्या सगळ्या थरांतील हवा एकाच रीतीने फिरत नाही, हे विन्येस यांनी बारकाईने दाखवून दिले. जमिनीलगतचे वारे गोल फिरत केंद्राकडे ओढले जातात. मधल्या उंचीवरील ढग केंद्राभोवती जवळजवळ वर्तुळात फिरतात. सर्वांत उंचावरचे पिसांसारखे पांढरे ढग मात्र केंद्रापासून बाहेर फेकले जातात.

पंख्याच्या काड्या जशा एका बिंदूपासून पसरतात, तशा या उंच ढगांच्या रेषा आकाशात पसरलेल्या दिसतात. त्या क्षितिजावर जेथे एकत्र येतात, त्या दिशेला वादळ असते. हे ढग वादळाच्या पुष्कळ आधी दिसू लागतात. त्यामुळे पारा उतरण्यापूर्वीच धोक्याची दिशा समजते. तिन्ही थरांतील ढगांची चाल रोज पाहत गेल्यास वादळ सरळ येत आहे की बाजूने निघून जाणार, हेही कळू शकते. वर्षाच्या कोणत्या महिन्यात वादळे साधारण कोठे वळतात, याचेही नियम त्यांनी मांडले. हे ज्ञान नाविकांना वापरता यावे म्हणून त्यांनी एक साधे उपकरणही बनवले. त्यावरील फिरती तबकडी लावून जहाजाचा कप्तान भर समुद्रात वादळाच्या केंद्राचा अंदाज घेऊ शकत असे.

लहान बेटांची मोठी मदत

एका वेधशाळेतून संपूर्ण समुद्र दिसत नाही, याची फादर विन्येस यांना पूर्ण जाणीव होती. कॅरिबियन वादळे बहुधा पूर्वेकडून येतात. म्हणून पूर्वेच्या लहान बेटांवर आज जे दिसते, त्यात हवानाचे उद्या-परवाचे भविष्य दडलेले असते. समुद्राखालून तारा टाकल्या गेल्यामुळे ही बातमी वादळापेक्षा वेगाने धावू शकत होती. विन्येस यांनी प्वेर्तो रिको, जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद अशा बेटांवरील निरीक्षकांना आपल्या कामाशी जोडून घेतले. तार कंपन्या, जहाज कंपन्या आणि हवानाचे व्यापारी यांनी त्यांना साह्य केले. एखाद्या लहान बेटावर कुणीतरी बंदरात उभे राहून वारा आणि पारा पाहायचा, तार पाठवायची आणि शेकडो मैलांवरील अनोळखी कुटुंबे दारे-खिडक्या बंद करायची. शेजाऱ्यावर प्रीती करण्याचा हा मार्ग वेगळा असला तरी तितकाच खरा होता.

त्या शतकात इतरत्रही येशूसंघीय हे काम करीत होते. कोलकात्याच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात फादर युजीन लाफाँ यांनी १८६७ साली रोजची हवामान-निरीक्षणे सुरू केली, तर फिलिपिन्समध्ये फादर फेदेरिको फाउरा यांनी १८७९ साली मनिलाहून वादळाचा इशारा दिला.

अखेर आणि एक कटू धडा

१८९३ साली अमेरिकेतील शिकागो येथे हवामानशास्त्राची जागतिक परिषद भरणार होती. तिच्यासाठी फादर विन्येस यांनी आपल्या आयुष्यभराच्या अभ्यासाचे सार लिहून काढले. ते लिखाण हातावेगळे झाल्यावर थोड्याच अवधीत, २३ जुलै १८९३ रोजी, त्यांचे हवाना येथे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न होते. त्यांचा ग्रंथ १८९५ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे अमेरिकी हवामान खात्याने तो इंग्रजीत आणला.

त्यांच्या मागे फादर लोरेन्सो गँगोइती यांनी वेधशाळा सांभाळली. १८९८ च्या युद्धानंतर क्यूबावर अमेरिकेचा ताबा आला. अमेरिकी हवामान अधिकाऱ्यांना क्यूबातील निरीक्षकांचे इशारे उगाच घबराट पसरवणारे वाटत. १९०० सालच्या ऐन वादळी दिवसांत क्यूबातून वादळाविषयीच्या तारा पाठवण्यावर बंदी घालण्यात आली. सप्टेंबरच्या प्रारंभी एक वादळ क्यूबावरून पुढे गेले. ते उत्तरेला वळेल, असे वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांनी ठरवले. ते टेक्सासकडे निघाले आहे, असे विन्येस यांच्या परंपरेत वाढलेल्या क्यूबाच्या निरीक्षकांचे मत होते. ८ सप्टेंबर रोजी त्या वादळाने टेक्सासच्या किनाऱ्यावरील गॅल्व्हेस्टन शहर गिळले. किमान सहा हजार, कदाचित आठ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. तारा मोकळ्या असत्या तर किती जीव वाचले असते, हे आज कुणालाही निश्चित सांगता येणार नाही. पण ज्याच्याकडे माहिती होती त्याचे तोंड बंद केले गेले, एवढे मात्र इतिहासात नोंदले गेले आहे.

फादर विन्येस यांनी एकही वादळ थांबवले नाही. वारा आणि लाटा यांना आज्ञा करणारा प्रभू एकच आहे, अशी त्यांची श्रद्धा होती. आपल्या वाट्याला जागे राहण्याचे काम आले आहे, हे त्यांनी ओळखले. देवाने दिलेले डोळे आणि बुद्धी लोकांच्या रक्षणासाठी वापरणे ही त्यांच्या धर्मगुरुपणाचीच सेवा होती. आजही किनाऱ्यावर वादळाचा इशारा मिळतो तेव्हा होड्या ओढून घ्याव्या लागतात, एखाद्या दिवसाची कमाई बुडते आणि कधी वादळ वळून दुसरीकडे निघून जाते. अशा वेळी इशारा देणाऱ्याला नावे ठेवण्यापूर्वी, पहाटे चार वाजता दिवा लावून पाऱ्याकडे पाहणाऱ्या त्या धर्मगुरूचे स्मरण करायला हवे.