बिल विल्सन

विल्यम ग्रिफिथ विल्सन ऊर्फ बिल विल्सन (जन्म : ईस्ट डॉर्सेट, व्हरमाँट, २६ नोव्हेंबर १८९५, मृत्यू : मायामी, २४ जानेवारी १९७१) हे 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या व्यसनमुक्ती संघटनेचे अमेरिकन सहसंस्थापक होते.

== पूर्वायुष्य ==

विल्सन लहान असतानाच त्यांचे आईवडील विभक्त झाले व त्यांचे पालनपोषण आजोळी झाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते लष्करात अधिकारी झाले. स्वभावतः बुजऱ्या असलेल्या या तरुणाने याच काळात प्रथम मद्य घेतले आणि चारचौघांत वावरताना वाटणारा संकोच त्यामुळे नाहीसा होतो, असा त्यांना अनुभव आला. २४ जानेवारी १९१८ रोजी त्यांचा लोइस बर्नहॅम यांच्याशी विवाह झाला. युद्धानंतर न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात त्यांनी नाव मिळवले. परंतु १९२९ च्या मंदीत पैसा गेला आणि वाढत्या व्यसनामुळे पतही गेली. पुढे लोइस यांच्या नोकरीवर घर चालू लागले.

== उपचार ==

१९३३ ते १९३४ या काळात विल्सन न्यू यॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात चार वेळा दाखल झाले. तेथील डॉ. विल्यम सिल्कवर्थ मद्यासक्तीला चारित्र्यदोष न मानता आजार मानत. एक घोट घेताच शरीराला अनावर ओढ लागते आणि न घेता राहावे तर मन त्याच विचाराने पछाडलेले राहते, असे त्यांचे निदान होते. हे निदान पटूनही विल्सन पुन्हा पिऊ लागले. नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी थॅचर हे त्यांचे जुने मद्यपी मित्र व्यसन सोडून भेटीस आले. ते ऑक्सफर्ड ग्रुप या धार्मिक चळवळीत सहभागी झाले होते. ११ डिसेंबर १९३४ रोजी विल्सन चौथ्यांदा रुग्णालयात दाखल झाले. तेथे त्यांना एक उत्कट आध्यात्मिक अनुभव आला. त्यानंतर त्यांनी कधीही मद्य घेतले नाही.

== संघटनेची स्थापना ==

पुढील काही महिने विल्सन यांनी अनेक मद्यपींना समजावले. त्यांपैकी एकही व्यसनमुक्त राहिला नाही, मात्र विल्सन स्वतः राहिले. मे १९३५ मध्ये ओहायोतील ॲक्रन येथे व्यवसायात अपयश आले असता हॉटेलातील मद्यगृहाचा मोह त्यांना होऊ लागला. तेव्हा त्यांनी चर्चमध्ये दूरध्वनी करून एखाद्या मद्यपीची गाठ घालून देण्याची विनंती केली. त्यातून शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांची भेट झाली. उपदेश न करता विल्सन यांनी आपलीच कहाणी सांगितली. समदुःखी माणसाचे बोलणे स्मिथ यांच्या मनाला भिडले. स्मिथ यांनी अखेरचे मद्य घेतले तो १० जून १९३५ हा दिवस संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

१९३९ मध्ये संघटनेच्याच नावाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. विल्सन हे त्याचे प्रमुख लेखक होते. व्यसनापुढील हतबलतेची कबुली, आत्मपरीक्षण, दुखावलेल्यांची भरपाई आणि इतर मद्यपींना साहाय्य अशा बारा पायऱ्या त्यात मांडल्या आहेत. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी लोइस यांनी १९५१ मध्ये 'अल-ॲनॉन'च्या स्थापनेत पुढाकार घेतला.

== उत्तरायुष्य ==

व्यसनमुक्तीनंतरही विल्सन यांना अनेक वर्षे नैराश्याने ग्रासले होते. १९५० च्या दशकात त्यांनी वैद्यकीय देखरेखीखाली एलएसडी या रसायनाचा प्रयोग केला. संघटनेतील अनेकांना तो रुचला नाही. १९५५ मध्ये सेंट लुइसच्या अधिवेशनात त्यांनी नेतृत्व सदस्यांच्या हाती सोपवले. निनावीपणाचे तत्त्व पाळून त्यांनी येल विद्यापीठाची मानद पदवीही नाकारली.

मद्य सुटले तरी धूम्रपान मात्र त्यांना दीर्घकाळ सुटले नाही. त्यातून जडलेल्या फुप्फुसविकाराने लग्नाच्या ५३ व्या वाढदिवशी त्यांचे निधन झाले. अनेक देशांप्रमाणे महाराष्ट्रातही या संघटनेच्या सभा भरतात. तेथे शुल्क घेतले जात नाही. मद्यपान सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असते.