परमुलखाची तयारी : विष्णु दिगंबर पलुसकर आणि संगीतशिक्षकाचे प्रस्थान

गायकाचे चरित्र लिहावयाचे म्हणजे त्याच्या गाजलेल्या मैफली, दरबारांतील सत्कार आणि घराण्याची वंशावळ यांची नोंद करावयाची, असा आपल्याकडे परिपाठ आहे. पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांचे चरित्र या साच्यात नीटसे बसत नाही. त्यांच्या आयुष्याला वळण दिले ते प्रस्थानांनी : आधी त्यांच्या स्वतःच्या, आणि पुढे त्यांच्या शिष्यांच्या. संगीत शिकविण्यासाठी परक्या मुलखात जाऊ पाहणाऱ्या तरुणाच्या मनात कोणत्या आशा असतात, कोणत्या शंका त्याला छळतात, त्यांपैकी किती आधीच निवारता येतात आणि किती त्याच्याबरोबर प्रवासाला निघतातच, या दृष्टीने हे परिचित चरित्र पुन्हा पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विष्णु दिगंबरांचा जन्म 18 ऑगस्ट 1872 रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर हे नाव रूढ झाले. बालवयात दत्तजयंतीच्या उत्सवात शोभेची दारू चेहऱ्याजवळ उडाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. शालेय शिक्षणाची वाट तेथेच खुंटली. उपचारांच्या निमित्ताने मुलगा मिरजेस आला, संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे त्याचे गायनाचे शिक्षण सुरू झाले.

येथे गुरूच्या चरित्राकडेही क्षणभर वळले पाहिजे. बाळकृष्णबुवांनी तरुणपणी गाण्याच्या ध्यासाने घर सोडले, धार आणि ग्वाल्हेरकडची वाट धरली, वासुदेवबुवा जोशी यांच्यापाशी राहून अपार कष्टांनी ग्वाल्हेरची गायकी आत्मसात केली आणि ती दक्षिणेत आणली. त्या पिढीच्या लेखी परमुलूख ही विद्या आणण्याची जागा होती. जाणाऱ्याची चिंता एकच असे, गुरू शिकवील की नाही. शिष्याच्या वाट्याला उलट दिशेचा प्रवास आला. जी विद्या उत्तरेतून आली तीच घेऊन तो शिकविण्यासाठी उत्तरेकडे निघाला, आणि मग चिंतेचे स्वरूपही पालटले : शिकणारा कोणी येईल की नाही?

1896 च्या सुमारास, चोविशीच्या वयात, विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. त्यामागचा प्रसंग शिष्यपरंपरेत असा सांगितला जातो की, गावातील एका समारंभाचे आमंत्रण त्यांना मिळाले, परंतु त्यांच्या गुरूंना मिळाले नाही. विचारणा करता, गवयांना कशाला बोलवावयाचे, अशा अर्थाचे उत्तर आले. प्रसंगाचा तपशील कसाही असो, त्यातून व्यक्त होणारी सामाजिक वस्तुस्थिती खरी होती. गाण्याला दाद होती, गवयाला प्रतिष्ठा नव्हती. ती मिळवावयाची तर दरबाराच्या बाहेर, लोकांत जाऊन मिळवली पाहिजे, ही आशा घेऊन ते निघाले.

पुढची चार-पाच वर्षे भ्रमंतीची. सातारा, बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा हा मार्ग आहे. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर गायन केले. गायकाने एका यजमानाच्या मर्जीवर न राहता श्रोतृसमुदायावर विसंबावे, ही त्या काळी धाडसाची गोष्ट होती. मथुरेच्या मुक्कामात त्यांनी हिंदी आणि ब्रज भाषेकडे लक्ष दिले. ज्या भाषेतील बंदिशी आयुष्यभर गाव्यात, ती बोलता मात्र येऊ नये, ही महाराष्ट्रीय गवयाची जुनी अडचण होती. गाणाऱ्याचे त्यावाचून निभावते. शिकवणाऱ्याचे निभावत नाही.

5 मे 1901 रोजी लाहोर येथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. वय 28, ओळखीचे लोक मोजके, पाठीशी कोणतेही संस्थान नाही. सारा भार वर्गणीवर, देणग्यांवर आणि जाहीर गायनाच्या उत्पन्नावर. आरंभी विद्यार्थी येईनात, तेव्हा ते एकटेच तंबोरा घेऊन ठरलेल्या वेळी बसत, असे सांगतात. हळूहळू वर्ग भरू लागले. पुढे स्त्रियाही शिकू लागल्या. उत्तर हिंदुस्थानी माणसाला परदेशी म्हणणारा मराठी समाज आणि त्याच परदेशी लोकांत जाऊन त्यांना त्यांच्याच भाषेतील गाणे शिकवणारा मराठी माणूस, असा हा योग होता.

विष्णु दिगंबरांची खरी प्रतिभा यानंतर दिसते. एकट्याने सोसलेल्या अडचणी इतर कोणी सांगून थोरवी मिळवली असती. त्यांनी त्यांचा अभ्यासक्रम बनवला. महाविद्यालयात उपदेशक वर्ग निघाला. या वर्गातील विद्यार्थ्यांना राहणे, जेवण आणि शिक्षण विनामूल्य असे; मोबदल्यात दीर्घ मुदतीचा, बहुधा नऊ वर्षांचा, करार करावा लागे. ज्येष्ठांनी कनिष्ठांना शिकवावे, शिकवता शिकवता आपले शिक्षण पक्के करावे, आणि तयार झाल्यावर गुरुजी सांगतील त्या प्रांतात जाऊन विद्यालय चालवावे, अशी योजना होती. परगावी जाणाऱ्या संगीतशिक्षकाची पूर्वतयारी हाच ज्याचा उद्देश, असा हा भारतातील आरंभीच्या वर्गांपैकी एक म्हणावा लागेल.

या वर्गाची घडण बारकाईने पाहिली की प्रत्येक नियमामागे एकेक धास्ती दिसू लागते. नव्या गावी गुरू जवळ नसेल, आठवण दगा देईल, म्हणून स्वरलेखनपद्धती आणि क्रमिक पुस्तके. वाद्य बिघडले तर दुरुस्त करणारा भेटणार नाही, म्हणून वाद्यांचा कारखाना. छपाईसाठी दुसऱ्याचे तोंड पाहावे लागू नये, म्हणून स्वतःचा छापखाना. त्यातूनच संगीतामृत प्रवाह हे मासिक निघाले. सभ्य घरांची दारे गवयासाठी उघडणार नाहीत, म्हणून नीटनेटका पोशाख, निर्व्यसनी वर्तन, प्रार्थना आणि वक्तशीरपणा. शृंगारिक शब्दांमुळे पालक मुलींना पाठवणार नाहीत, म्हणून अनेक चिजांत भक्तिपर शब्द.

या शेवटच्या उपायाची किंमत मोजावी लागली, हे मान्य केले पाहिजे. ख्यालातील बंदिशीचा शब्द हा केवळ स्वरांची खुंटी नसतो. तो बदलला की रागाच्या भावाला कोठे तरी धक्का बसतो. स्वरलेखनाचेही तसेच. कागदावर उतरलेला राग दूरच्या गावी सुखरूप पोचतो, परंतु दोन स्वरांमधील जे कागदावर उतरत नाही ते मागे राहते. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला हा व्यवहार ओळखीचा वाटेल : कृती भाषांतरित झाल्यावाचून सीमा ओलांडत नाही, आणि भाषांतरात काही सांडल्यावाचून राहत नाही. आपण तानसेन घडवीत नसून कानसेन घडवीत आहोत, या आशयाचे त्यांचे सांगणे परंपरेत प्रसिद्ध आहे. त्यात नम्रता आहे, तशीच या हानीची जाणीवही असावी.

1908 साली त्यांनी मुंबईत महाविद्यालय सुरू केले. विद्यार्थी वाढले, मोठी इमारत उभी राहिली आणि तिच्याबरोबर कर्जही. अखेर इमारतीचा लिलाव झाला. परमुलखात निराधार असताना जे डगमगले नाहीत, त्यांना हा आघात आपल्या माणसांत, कीर्ती शिखरावर असताना सोसावा लागला. उत्तरायुष्यात ते नाशिकला रामनामात रमले. त्यांची बहुतेक अपत्ये बालपणीच गेली होती. 21 ऑगस्ट 1931 रोजी, जेथून ते निघाले त्याच मिरजेत, त्यांचे निधन झाले.

शिष्य मात्र पोचले होते. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात गेले. ओंकारनाथ ठाकूर यांनी लाहोरच्या विद्यालयाची धुरा तरुण वयात वाहिली आणि 1950 साली काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या संगीत महाविद्यालयाचे ते प्रमुख झाले. 1933 साली ते युरोपात गेले होते. त्याच वर्षी त्यांच्या पत्नीचे निधन झाले. दूर जाणाऱ्याच्या मनातील ही धास्ती कोणत्याही वर्गात शिकवून घालविता येत नाही. विनायकराव पटवर्धनांनी 1932 साली पुण्यात विद्यालय काढले. त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी 1939 साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. आणि 1947 साली लाहोर, जे परमुलूख म्हणून गाठले होते, ते खरोखरीच परदेश झाले. मुळाचे ठिकाण सीमेपलीकडे गेले तरी शाखा अलीकडे जगल्या.

हा लेख मयूर विहारात लिहिला जात आहे. येथून यमुनेचा पूल ओलांडून आयटीओच्या बाजूस गेले की दिल्लीचे गांधर्व महाविद्यालय लागते, आणि त्याच परिसरात विष्णु दिगंबर मार्गही आहे. या पूर्वतीरावरून गाणे शिकण्यासाठी आणि शिकवण्यासाठी पलीकडे जाणाऱ्यांत परदेशी विद्यापीठाकडे डोळे लावून बसलेला विद्यार्थी असू शकतो. शुल्काची आणि परवान्याची चिंता त्याच्या काळाची आहे. बाकीच्या शंका शंभर वर्षांपूर्वीच्याच. परक्या भाषेत समजावून सांगितलेला राग रागच राहील का? आपल्या पदवीला तेथे मान मिळेल का? शिकवण्यात वर्षे गेल्यावर आपल्यातला गाणारा उरेल का? पहिल्या दोन शंकांवर विष्णु दिगंबरांनी उपाय योजले. तिसरीवर त्यांच्यापाशी नियम नव्हता. विनायकराव, ओंकारनाथ, नारायणराव व्यास हे शिक्षकही राहिले आणि गायकही. परंतु त्यांच्यासारखे किती जण नुसतेच मास्तर होऊन विस्मृतीत गेले, याचा हिशेब कोठे मांडलेला नाही.

एक हिशेब तेवढा स्पष्ट आहे. वडील वारले तेव्हा दत्तात्रेय विष्णु पलुसकर अवघे दहा वर्षांचे होते. वडिलांकडून गाणे पुरते मिळण्याइतका काळ त्यांच्या वाट्याला आला नाही. ते त्यांना मिळाले विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास यांच्याकडून. दुसऱ्यांच्या मुलांना शिकवण्यासाठी ज्यांना तयार केले होते, त्या शिष्यांनी ती विद्या गुरूच्या घरी परत आणून पोचवली.