संन्याशाच्या लढ्याचा जमाखर्च

आमच्या जुन्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात स्वामी रामानंद तीर्थ हे नाव माहीत नाही असे घर विरळाच. पण तसबिरीतला हा भगवा संन्यासी मूळचा कामगार चळवळीतला, हे मुलांना मुद्दाम सांगावे लागते.

१९०३ साली जन्मलेले व्यंकटेश खेडगीकर तरुणपणी ना. म. जोशी यांच्यासोबत मजुरांमध्ये वावरले. आजारपणाने ते काम सुटले आणि १९२९ च्या सुमारास ते आमच्याकडच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मास्तर झाले. १९३० मध्ये त्यांनी संन्यास घेतला. पण मोक्षासाठी ते हिमालयात गेले नाहीत. निजामी राजवटीने १९३८ साली स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी घातली, तेव्हा सत्याग्रह करून ते तुरुंगात गेले.

१९४७ साली प्रसंग बिकट झाला. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होते. गावे जळू लागली. तरुण पोरे सोलापूरच्या हद्दीत गेली, सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले, हाती बंदुका आल्या. करोडगिरीची नाकी उडाली, दप्तरे जळाली. या लढ्यात गांधीवादी होते तसे डाव्या विचारांचेही होते. गांधीजींना मानणाऱ्या या संन्याशाने शस्त्र हाती धरले नाही. पण ज्यांनी धरले त्यांना अडवलेही नाही. तो निर्णय त्यांना सोपा गेला असेल, असे मला वाटत नाही.

मी जन्मभर बँकेत नोकरी केली. त्यामुळे जानेवारी १९४८ मधल्या उमरी बँकेच्या लुटीची गोष्ट मी नेहमी कान देऊन ऐकतो. लाखोंची रक्कम लढ्यासाठी नेली आणि पुढे तिचा पै न् पैचा हिशेब दिला, असे मराठवाड्यात अभिमानाने सांगतात.

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गावर आल्या. १७ तारखेला निजाम शरण आला. स्वामीजी सुटले. पण त्यानंतरच्या दिवसांत रझाकारांचा सूड निरपराध मुसलमान शेजाऱ्यांवर उगवला गेला. केंद्राने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने सबंध संस्थानात किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. हा अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. पैशाचा हिशेब झाला, माणसांचा राहिला.

१९४९ अखेरपर्यंत हैदराबादेत लष्करी गव्हर्नर होता. तेलंगणातल्या कम्युनिस्टांनी १९५१ पर्यंत बंदुका ठेवल्या नाहीत. स्वामीजींनी मात्र मतपेटीचा रस्ता धरला. ते लोकसभेत गेले, आणि भाषावार विभागणीचा आग्रह धरून, ज्या संस्थानासाठी ते लढले ते १९५६ साली नकाशावरून पुसले जाण्यास हातभार लावला. २२ जानेवारी १९७२ रोजी ते गेले.

दर १७ सप्टेंबरला आपण झेंडावंदन करतो. त्या दिवशी मुलांना स्वामीजींची गोष्ट सांगावीच. पण जमेची बाजू सांगून वही मिटू नये. खर्चाची बाजूही आपल्याच गावांची आहे.