सलीम अली : खऱ्या नोंदीचा आयुष्यभराचा ध्यास

रायबंदरच्या धक्क्यावरून फेरीबोटीने मांडवी ओलांडून चोडणला उतरले की बेटाच्या पश्चिम टोकाला खारफुटीचे दाट रान लागते. अवघ्या १.७८ चौरस किलोमीटरचे हे पक्षी अभयारण्य १९८८ साली घोषित झाले आणि आदल्याच वर्षी निवर्तलेल्या डॉ. सलीम अली यांचे नाव त्याला देण्यात आले. हिवाळ्यात कॅमेरे घेऊन येणारे पक्षिप्रेमी येथे पाखरांची छायाचित्रे टिपतात, घरी जाऊन ती पुस्तकाशी ताडून पाहतात आणि नावापुढे स्थळ व तारीख लिहून ठेवतात. ही सवय आपल्या देशातील सामान्य माणसाला लावण्यात अलींचा वाटा फार मोठा आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. मोठ्या कुटुंबातील हे शेंडेफळ. वर्षाचे असताना वडील गेले, तिसऱ्या वर्षी आईही गेली. निपुत्रिक असलेले मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमिदा बेगम यांनी खेतवाडीतील घरात या भावंडांना वाढवले. मामा शिकारीचे शौकीन होते. शाळकरी वयात सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि घरात कोणालाही तिचे नाव सांगता येईना. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्ड यांनी ती पिवळ्या कंठाची चिमणी असल्याचे सांगितले आणि पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांनी भरलेली कपाटे त्या मुलापुढे उघडली. प्रत्येक नमुन्याला बांधलेल्या चिठ्ठीवर तो कोठे, केव्हा आणि कोणाला मिळाला हे लिहिलेले होते. पुढच्या सगळ्या आयुष्याचा पाया तेथे घातला गेला.

औपचारिक शिक्षणात मात्र त्यांचे मन कधी रमले नाही. ते ब्रह्मदेशात तावॉयला गेले आणि तेथे भावाच्या खाणीच्या व लाकडाच्या धंद्यात लक्ष घालू लागले. तरी पाय वळत ते रानाकडेच. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना यांच्याशी त्यांचा विवाह झाला. धंदा बसल्यावर मुंबईला परतून त्यांनी सरकारी प्राणिशास्त्र सर्वेक्षण विभागात नोकरीसाठी प्रयत्न केला, पण पदवी नसल्याने ती मिळाली नाही. १९२६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविज्ञान दालनात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम मिळाले. दोन वर्षांनी रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राची शिस्त त्यांच्या अंगी बाणली आणि हेलिगोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचे तंत्र त्यांनी पाहून घेतले. १९३० मध्ये परत येतात तो पैशाअभावी त्यांचे पदच रद्द झालेले.

बेकार झालेले हे दांपत्य अलिबागजवळच्या किहीम गावी समुद्रकाठच्या घरात राहायला गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. अली तासन्‌तास तिच्यासमोर बसून राहत. मराठीने या पक्ष्याला गृहकृत्यदक्ष बाईचे नाव दिले आहे; पण खोपा विणतो तो नर, हे त्या निरीक्षणात बारकाव्यांसह नोंदले गेले. नर अर्धवट खोपा विणून थांबतो, मादी येऊन तो पारखते, तिच्या पसंतीला उतरला तरच तो पुरा होतो. आणि ती अंडी घालू लागली की नर दुसऱ्या खोप्याला व दुसऱ्या मादीच्या शोधाला लागतो. सोसायटीच्या नियतकालिकात आलेल्या या निबंधाने अलींचे नाव जाणकारांपर्यंत पोहोचले. त्यात बंदुकीची गरज पडली नव्हती. एकाच जागी बसून पाहण्याचा संयम तेवढा लागला होता.

उपजीविकेचा प्रश्न त्यांनी विलक्षण रीतीने सोडवला. मोहिमेचा खर्च संस्थानांनी सोसावा, आपण मेहनताना घेणार नाही, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद संस्थानापासून सुरुवात झाली. पुढे त्रावणकोर-कोचीन, ग्वाल्हेर, इंदूर व भोपाळ, म्हैसूर, गुजरात असे प्रदेश त्यांनी पिंजून काढले. तेहमिना तळावर त्यांच्या बरोबरीने राबत. या मोहिमांत पक्षी मारून त्यांची कातडी जतन करावी लागे, कारण त्या काळी खात्रीची ओळख पटवण्याचा दुसरा मार्ग नव्हता. अलींनी ते कधी लपवले नाही. पण नमुना मिळवण्यापेक्षा जिवंत पाखरू काय खाते, कोठे घरटे करते, कोणत्या झाडावर रात्र काढते, याची नोंद त्यांना अधिक मोलाची वाटे.

या नोंदींच्या बळावर त्यांनी जुन्या ग्रंथांतील चुका दाखवायला सुरुवात केली. पल्लवपुच्छ कोतवालाच्या शेपटीविषयीच्या अशाच एका टिपणाने ह्यू व्हिसलर हे नामांकित ब्रिटिश पक्षितज्ज्ञ प्रथम दुखावले. नंतर त्यांनी आपले नमुने पुन्हा तपासले, चूक मान्य केली आणि ते अलींचे जिवलग स्नेही व सहलेखक झाले.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर तेहमिना यांचे निधन झाले. या आघातानंतर बहिणीच्या घरी राहून अलींनी स्वतःला कामात बुडवून घेतले. १९४१ मध्ये ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ प्रसिद्ध झाले. पक्षी चिमणीएवढा की बुलबुलाएवढा, साळुंकीएवढा की घारीएवढा, अशा ओळखीच्या मापांनी ते वाचकाचे बोट धरते. पक्षी ओळखायला साहेबाची बंदूक किंवा संग्रहालयाचे कपाट लागत नाही, हा विश्वास या पुस्तकाने दिला. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह भारतीय उपखंडातील पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात सिद्ध झाला.

दुसऱ्या महायुद्धात मलायातून निर्वासित होऊन आलेले लोक वान थो त्यांना मुंबईत भेटले. हा श्रीमंत तरुण कॅमेऱ्याने वेडावलेला होता. दोघांनी मिळून अनेक रानवाटा तुडवल्या. आडोशात दडून, पाखराला चाहूल लागू न देता घरट्याचे चित्र टिपण्याच्या कलेत लोक पारंगत झाले आणि १९६४ मध्ये विमान अपघातात मृत्यू येईपर्यंत अलींच्या कामाला त्यांचे साहाय्य होत राहिले.

उतारवयात अलींच्या शब्दाला सरकारदरबारी वजन आले. भरतपूरची पाणथळ भूमी आणि केरळचे सायलेंट व्हॅलीचे जंगल वाचवण्यासाठी त्यांनी ते खर्ची घातले. पद्मविभूषण, राज्यसभेचे सदस्यत्व, परदेशी पुरस्कार हे सारे मिळाले. १९७६ च्या पॉल गेटी पुरस्काराच्या रकमेतून त्यांनी निसर्गरक्षणासाठी निधी उभारला. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदीत त्यांची प्राणज्योत मालवली.

एक शोध मात्र अपुरा राहिला होता. मध्य भारतातला रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीने आढळला नव्हता. अली आणि रिप्ली यांनी त्याला शोधले ते रिचर्ड मायनर्ट्‌झहागन यांच्या संग्रहातील एका नमुन्याच्या चिठ्ठीवर भिस्त ठेवून. तीवर गुजरातमधील मांडवी हे ठिकाण आणि १९१४ हे साल होते. याच मायनर्ट्‌झहागन यांच्यासह अलींनी १९३७ मध्ये अफगाणिस्तानची मोहीम केली होती. पुढे उघडकीस आले की त्यांनी संग्रहालयातले जुने नमुने चोरून त्यांना खोट्या चिठ्ठ्या बांधल्या होत्या. मांडवीची चिठ्ठीही त्यांतलीच. ज्याने आयुष्यभर नोंदीचे पावित्र्य जपले, त्याला एका खोट्या नोंदीने भलत्याच रानात फिरवले.

अलींच्या पश्चात दहा वर्षांनी, नोव्हेंबर १९९७ मध्ये, अमेरिकी अभ्यासक एकोणिसाव्या शतकातील अस्सल चिठ्ठ्यांवरची ठिकाणे शोधत खानदेशात आले. शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, दिवसाउजेडी, उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. त्यांनी त्याचे छायाचित्रण केले. एवढा पुरावा जगाला पुरला. पक्षी मारावा लागला नाही. आज त्या जंगलांच्या रक्षणाची मागणी करताना हीच नोंद हाताशी असते. चोडणच्या खारफुटीत कॅमेरा लावून बसलेल्या माणसाने चित्राखाली खरे ठिकाण आणि खरी तारीख लिहिली, तर शंभर वर्षांनी ती कोणाच्या उपयोगी पडेल हे आज सांगता येणार नाही. पण पडेल, एवढे रानपिंगळ्याने दाखवून दिले आहे.