ठाण्याचे कै. विनायकराव भावे

तुकोबांचे अभंग आपण टाळांवर म्हणतो. पण ते लिहिलेल्या वह्यांची विचारपूस किती जण करतात? कै. विनायक लक्ष्मण भावे (१८७१–१९२६) यांनी ती केली. धंदा मिठागरांचा, जीव मात्र जुन्या पोथ्यांत. अवघ्या बाविसाव्या वर्षी, १८९३ साली, स्नेह्यांसह त्यांनी ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय काढले. इंग्रजी अमदानीत निव्वळ मराठी पुस्तकांसाठी घर उभारायचे, हे सुचणेच मोठे! 'महाराष्ट्र सारस्वत' लिहून संतकवींचा इतिहास त्यांनी लोकांपुढे मांडला.

पुढे १९१९–२० मध्ये संताजी तेली जगनाड्यांच्या वह्यांवरून त्यांनी तुकोबांची 'अस्सल गाथा' छापली. प्रचलित गाथेत साडेचार हजारांवर अभंग; इथे त्यांच्या निम्मेही नाहीत. मग बाकीचे कुणाचे? वारकऱ्याच्या मनाला हे खुपणारच. पिढ्यान्‌पिढ्या कीर्तनात घोळलेला अभंग वहीत नाही म्हणून कोण टाकील? आम्ही तर नाही टाकीत. पण घाण्यावर राबणाऱ्या टाळकऱ्याचे हस्ताक्षर ह्या शिकलेल्या ब्राह्मण व्यापाऱ्याने प्रमाण मानले, आणि मोठमोठ्या छापील गाथांच्या पुढे नेऊन ठेवले. संताजींची वही त्यामुळे छापून लोकांपुढे आली. ते संग्रहालय ठाण्यात आजही चालू आहे.