नाना फडणवीस : एका पालकाचें चरित्र

आमच्या हिंगोलीचा मुलूख पेशवाईच्या उत्तरकाळीं निजामाच्या राज्यांत मोडत असे. त्यामुळें पुणें दरबारच्या मुत्सद्द्यांचीं नांवें आमच्या मुलांस बहुधा इतिहासाच्या पुस्तकांतूनच ठाऊक होतात. तथापि त्यांपैकीं एकाचें चरित्र विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं एकत्र बसून वाचावें असें आम्हांस वाटतें. ते गृहस्थ म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, ऊर्फ नाना फडणवीस. त्यांच्या मागें त्यांचें स्वतःचें एकही मूल उरलें नाहीं. परंतु दुसऱ्याच्या मुलाचें पालकत्व त्यांनीं एकवीस वर्षें केलें.

भानूंचें घराणें मूळचें कोंकणांतील वेळास गांवचें. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे पहिल्या पेशव्यांचे स्नेही होते, व त्यांच्यासाठींच १७१९ सालीं दिल्लींत त्यांनीं प्राण वेंचला. या निष्ठेमुळें भानू घराण्याचा पेशव्यांशीं ऋणानुबंध जडला. नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजीं सातारा येथें झाला. १७५६ सालीं वडील जनार्दनपंत निवर्तले आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर फडणिशीचें ओझें पडलें. राज्याचा जमाखर्च ठेवणें, हिशेब तपासणें व दप्तर सांभाळणें हें फडणिसाचें काम.

एकोणिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच नानांस पानिपत पाहावें लागलें. तीर्थयात्रेच्या हेतूनें मातोश्री व पत्नी त्यांच्यासमवेत उत्तरेस गेल्या होत्या. १४ जानेवारी १७६१ च्या त्या घोर दिवशीं सैन्याची दाणादाण उडाली. पत्नी वांचली, पण मातेची व पुत्राची पुन्हां भेट झाली नाहीं. नाना अंगावरच्या वस्त्रांनिशीं, पायीं, उपाशीं, रानावनांतून वाट काढीत परतले. या प्रवासाची हकीकत त्यांनीं आपल्या आत्मचरित्रांत स्वतःच्या हातानें लिहून ठेविली आहे.

त्यांची खरी कसोटी पुढेंच होती. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं तरुण पेशवे नारायणराव यांचा शनिवारवाड्यांत वध झाला आणि त्यांचे चुलते राघोबादादा गादीवर बसले. नारायणरावांची पत्नी गंगाबाई त्या वेळीं गरोदर होती. नाना, सखारामबापू बोकील, हरिपंत फडके इत्यादि कारभारी एक झाले. यांनाच इतिहास बारभाई म्हणतो. त्यांनीं गंगाबाईंस पुरंदर किल्ल्यावर सुरक्षित नेलें. १८ एप्रिल १७७४ रोजीं तेथें सवाई माधवरावांचा जन्म झाला व अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बालकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं.

ज्या राज्याचा धनी पाळण्यांत आहे तें कोणासही गिळावेंसें वाटतें. राघोबादादांनीं १७७५ सालीं सुरतेस इंग्रजांशीं तह केला आणि युद्ध पेटलें. नाना तलवारबहाद्दर नव्हते. रणांगणावर महादजी शिंदे व हरिपंत फडके लढत, आणि नाना लेखणीनें द्रव्य, रसद व मित्र मिळवीत. १७७९ सालीं वडगांव येथें इंग्रजांस माघार घ्यावी लागली, व १७८२ च्या सालबाईच्या तहानें राघोबांचा पक्ष इंग्रजांनीं सोडला. या लढ्यांत नानांस आपल्या घरावरही पाणी सोडावें लागलें. त्यांचे चुलतबंधु मोरोबादादा विरुद्ध पक्षास मिळाले, तेव्हां १७७८ सालीं त्यांस नगरच्या किल्ल्यांत कैदेंत ठेवण्यांत आलें.

परंतु थोरांचे दोष झांकून ठेवणें हें चरित्रकाराचें काम नव्हे. राज्याचा पैन् पै हिशेब पाहणाऱ्या नानांनीं पुण्याचा कोतवाल घाशीराम याच्या वर्तनाचा हिशेब मात्र वेळीं पाहिला नाहीं. १७९१ सालीं त्यानें कोंडून ठेविलेले कित्येक निरपराध ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळलें आणि जमावानें त्यास दगडांनीं ठेंचून मारलें.

मार्च १७९५ मध्यें खर्ड्याच्या लढाईंत निजामाचा पराभव झाला, व त्याचा दिवाण मशीरुल्मुल्क मराठ्यांच्या स्वाधीन झाला. नानांच्या यशाचें तें शिखर. पण सात महिन्यांतच, ऑक्टोबरांत, सवाई माधवराव शनिवारवाड्यांतून खालीं पडले व दोन दिवसांनीं वारले. कोणी म्हणतात तापाच्या भ्रमांत तोल गेला. कोणी म्हणतात नानांच्या कडक देखरेखीस कंटाळून त्यांनीं उडी घातली. कांहींही असो, एकवीस वर्षांच्या त्या तरुणाच्या हातीं तोंवर राज्याचा कारभार आलाच नव्हता, ही गोष्ट निर्विवाद आहे. जें रोप वाऱ्यापासून जपावें म्हणून सदैव आडोशास ठेविलें, त्यास स्वतःच्या बळावर उभें राहण्याची संधि मिळाली नाहीं.

त्यानंतर राघोबांचाच पुत्र बाजीराव गादीवर आला. १७९७ च्या अखेरीस नाना विश्वासघातानें पकडले गेले, व जेथें त्यांनीं चुलतबंधूस ठेविलें होतें त्याच नगरच्या किल्ल्यांत त्यांस कांहीं महिने कंठावे लागले. पुढें सुटका होऊन ते पुन्हां कारभार पाहूं लागले. पण १३ मार्च १८०० रोजीं त्यांचें देहावसान झालें. त्यांच्यासमवेत मराठी राज्यांतील शहाणपणही गेलें, असें त्या वेळच्या इंग्रज वकिलानेंही लिहून ठेविलें. तीन वर्षांच्या आंतच बाजीरावानें वसईस इंग्रजांचा आश्रय पत्करला.

नानांनीं नऊ विवाह केले. मृत्युसमयीं त्यांची पत्नी जिऊबाई अवघी नऊ-दहा वर्षांची होती. ज्यानें पोरक्या पेशव्यास सांभाळलें, त्याच्या बालविधवेस सांभाळणारें कोणी घरांत उरलें नव्हतें. तिला लोहगडाचा आसरा घ्यावा लागला. पुढें दत्तक घेऊन तिनें वंश चालविला.

वाईजवळ मेणवली येथें कृष्णाकांठीं नानांचा वाडा व घाट आजही उभा आहे. घाटावर वसईच्या स्वारींतून आलेली ख्रिस्तमंदिराची एक मोठी घंटा टांगलेली असून तीवर बाळ येशूस घेतलेल्या मरियेची आकृति आहे. पुरंदरावरील माता व बालक यांचें रक्षण करणाऱ्या पुरुषाच्या घाटावर हें चित्र असावें, हा योगायोग आमच्या मनास लागून राहिला.

विद्यार्थ्यांनो, नानांपासून दक्षता, उद्योग व स्वामिनिष्ठा शिका. आणि पालकहो, लेंकरास जपणें हें तर आपलें कर्तव्यच आहे. पण एके दिवशीं त्याचा हात सोडून त्यास चालूं देणें हेंही त्याच कर्तव्याचें दुसरें अंग आहे. नानांसारख्या थोरासही पहिलें साधलें, दुसरें साधलें नाहीं.