डॉ. पर्सी ज्युलियन

आमवातात सांधे सुजतात, आखडतात आणि रोगी अंथरुणाला खिळतो. या विकारावरील औषध गोरगरिबांच्या आवाक्यात आणण्यास ज्यांचे संशोधन कामी आले, त्यांत अमेरिकेतील कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञ डॉ. पर्सी ज्युलियन यांचे नाव आदराने घ्यावे लागते.

त्यांचा जन्म ११ एप्रिल १८९९ रोजी अलाबामा राज्यातील माँटगोमेरी शहरी झाला. आजोबा गुलामगिरीत वाढलेले. लिहावाचावयास शिकल्याची शिक्षा म्हणून त्यांच्या हाताची दोन बोटे छाटली गेली होती. वडील रेल्वे टपालखात्यात कारकून, आई शिक्षिका. गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीपुढे सरकारी शाळा नव्हती. तरीही आईवडिलांनी पर्सीला इंडियाना राज्यातील डीपॉ विद्यापीठात धाडले. तेथे राहून गेलेले हायस्कूलचे विषय त्यांनी कॉलेजबरोबरच पुरे केले. पोटासाठी ताटे वाढली, भट्टी पेटविली आणि १९२० मध्ये वर्गात पहिला क्रमांक मिळविला. पुढे आईवडिलांनी बिऱ्हाडच त्या गावी हलविले. सहाही मुले पदवीधर झाली!

१९२३ मध्ये हार्वर्डची एम.ए. मिळाली, पण वर्णामुळे अध्यापनाची संधी नाकारली गेली. अखेर १९३१ साली व्हिएन्नात त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९३६ पासून शिकागोच्या एका कारखान्यात ते सोयाबीनवर संशोधन करू लागले.

१९४८ साली मेयो क्लिनिकमध्ये कॉर्टिसोन टोचताच आमवाताची रुग्ण काही दिवसांत चालू लागली. परंतु हे औषध बैलांच्या पित्तापासून तीसहून अधिक टप्प्यांनी बनत असे. म्हणून ते दुर्मिळ व महाग होते. १९४९ मध्ये ज्युलियन यांनी 'कंपाउंड एस' हा पदार्थ स्वस्तात बनविण्याची रीत शोधली. हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा त्यात ऑक्सिजनचा केवळ एक अणू कमी असतो. पुढे सूक्ष्मजंतूंच्या साहाय्याने ही उणीव भरून काढता येऊ लागली. ही औषधे रोग मुळापासून घालवीत नाहीत, त्यांचे दुष्परिणामही आहेत. पण सूज व वेदना शमवून त्यांनी असंख्य रोग्यांना उभे केले.

कीर्ती मिळाली तरी द्वेष सरला नाही. १९५० मध्ये त्यांच्या नव्या घराला आग लावण्यात आली. १९५१ मध्ये त्यावर सुरुंग फेकला गेला. तरीही ज्युलियन कुटुंब तेथेच राहिले. १९ एप्रिल १९७५ रोजी त्यांचे निधन झाले.

पालकबंधुभगिनींनो, आजोबांची बोटे ज्या अक्षरांपायी गेली, त्याच अक्षरांनी नातवाच्या हाती परीक्षानळी दिली. मधल्या पिढीच्या आईबापांनी मुलांच्या तालीमसाठी घरदार हलविले, म्हणूनच हे घडले. आपल्या मुलामुलींसाठी आपण निदान शाळेची वाट तरी मोकळी ठेवू या.